दहा हजार माणसं, एकच नाक

पाट्रिक झ्युसकिंडची ‘पर्फ्यूम’ ही कादंबरी १९८५ साली जर्मनमध्ये आली. पुढच्याच वर्षी जॉन ई. वुड्स यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, २००६ साली टॉम टिक्वरनं तिच्यावर सिनेमा काढला, आणि वासाबद्दलच्या साहित्याचा विषय निघाला की अजूनही पहिलं नाव हिचंच येतं. हे कौतुक रास्त आहे. डोळ्यांनी बघणाऱ्या कादंबऱ्या खंडीभर आहेत. नाकानं जग हुंगत जाणारी इतकी ठसठशीत दुसरी सापडत नाही. पण माणसाच्या नाकाबद्दल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे कळलं आहे ते लक्षात ठेवून ही कादंबरी पुन्हा वाचायला घेतली, तर तिच्यात एक तडा दिसू लागतो. तिची भाषा नाकाबद्दल एक सांगते आणि तिचं कथानक नेमकं त्याच्या उलट. हा तडा फक्त विज्ञानाच्या चुकीचा असता तर त्यावर लिहिण्याचं कारण नव्हतं. पण तो कादंबरीच्या राजकारणापर्यंत जातो, आणि आपण ‘वास’ हा शब्द ज्या बेफिकिरीनं वापरतो तिथपर्यंतही जातो.

आधी कथानक थोडक्यात. ज्याँ-बाप्तिस्त ग्रनुई १७३८ साली पॅरिसच्या मासळीबाजारात जन्मतो. त्याचं नाक अलौकिक आहे, पण त्याच्या स्वतःच्या अंगाला वासच नाही. दाया त्याला नाकारतात, पाद्री घाबरतो. पुढे तो बाल्दिनी या अत्तरवाल्याच्या हाताखाली काम शिकतो, सात वर्षं डोंगरातल्या गुहेत एकटा राहतो, आणि शेवटी ग्रास या दक्षिणेतल्या अत्तरांच्या गावी येऊन कोवळ्या मुलींचे खून करतो. त्याला हवा असतो त्यांच्या अंगाचा वास. तो चरबीत उतरवून घेऊन तो एक अत्तर बनवतो. पकडला जातो, देहदंड ठरतो, वधस्तंभाभोवती दहा हजारांचा जमाव गोळा होतो. ग्रनुईच्या अंगावर त्या अत्तराचा एक थेंब असतो. तेवढ्यानं जमाव विरघळतो. जो खुनी म्हणून आणला तो सगळ्यांना निरागस, देवदूतासारखा वाटू लागतो, आणि थोड्याच वेळात ते मैदान सामूहिक कामक्रीडेचं मैदान होतं. जिचा शेवटचा खून झाला त्या लॉरचा बापसुद्धा खुन्याच्या गळ्यात पडतो.

या प्रसंगातलं एक गृहीतक वाचताना खटकत नाही, इतकं ते सफाईनं पेरलेलं आहे. स्त्री-पुरुष, म्हातारे, मुलं, बिशप, खुद्द जल्लाद अशी दहा हजार माणसं एकच वास घेतात आणि सगळ्यांवर त्याचा परिणाम एकच होतो. एकही नाक वेगळं निघत नाही.

*

प्रत्यक्षात नाकं फार वेगळी असतात. १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सल यांनी वास ओळखणाऱ्या रिसेप्टरांचं जनुक-कुटुंब शोधून काढलं. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसात अशी चालू स्थितीतली जनुकं साधारण चारशे आहेत. त्याहून अधिक जनुकं उत्क्रांतीच्या ओघात बंद पडलेली, नुसत्या सांगाड्यासारखी उरलेली आहेत. रंग बघायला डोळ्याला तीन प्रकारच्या शंकूपेशी पुरतात. नाकाकडे चारशे प्रकारचे रिसेप्टर असतात. एक रेणू अनेक रिसेप्टरांना कमीजास्त चाळवतो, एक रिसेप्टर अनेक रेणूंना दाद देतो, आणि त्यातून जी नक्षी उमटते ती मेंदू ‘मोगरा’ किंवा ‘नासलेलं दूध’ म्हणून वाचतो.

या चारशेंत माणसामाणसांत प्रचंड फरक आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की कुठलीही दोन माणसं घेतली तर त्यांच्या घ्राण-रिसेप्टरांच्या जनुकांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्या प्रत्यक्ष कामात फरक सापडतो. म्हणजे एकाच फुलावर वाकलेली दोन डोकी दोन वेगळ्या कळफलकांवर तोच राग वाजवू पाहतात. काही पट्ट्या याच्या दबतात, काही त्याच्या.

सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण अँड्रोस्टेनोन या रेणूचं. तो रानडुकराच्या नरात असतो, ट्रफल या भूछत्रात असतो, माणसाच्या घामातही असतो. काहींना तो लघवीसारखा, शिळ्या घामासारखा उग्र वाटतो. काहींना गोडसर, अगदी व्हॅनिलासारखा. काहींना तो येतच नाही. २००७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधात लेस्ली व्होशाल, हिरोआकी मात्सुनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या फरकाचा मोठा धागा ओआर७डी४ या एका जनुकातल्या दोन बदलांशी नेऊन जोडला. दुसरं उदाहरण तर थेट अत्तराच्या दुकानातलं आहे. व्हायोलेट फुलांच्या वासातला मुख्य रेणू बीटा-आयोनोन. ओआर५ए१ या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकावर हा वास फुलासारखा लागणार की नाही हे जवळजवळ पूर्णपणे ठरतं, असं २०१३ साली दिसून आलं. ज्यांच्याकडे संवेदनशील आवृत्ती आहे त्यांना तो ‘फुलांचा’ वाटतो. ज्यांच्याकडे नाही त्यांना तीव्र मात्रेत तोच आंबट, व्हिनेगरसारखा झोंबणारा लागतो. युरोपीय वंशाच्या लोकांत असे ‘न येणारे’ थोडेथोडके नाहीत. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये व्हायोलेटचं अत्तर लावून दरबारात शिरणाऱ्या माणसाभोवती अशी कितीतरी नाकं असणार, ज्यांना त्यातलं फूल कळलंच नसेल.

जनुकांची भाषा येण्यापूर्वीही ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली होती. १९१८ साली अल्बर्ट ब्लेकस्ली या वनस्पतिशास्त्रज्ञानं व्हर्बिनाच्या रोपांबद्दल एक छोटी नोंद प्रसिद्ध केली. त्याला ज्या रोपाच्या फुलांना वास येई ती त्याच्या सहकाऱ्याला बिनवासाची वाटत, आणि सहकाऱ्याला ज्यांचा वास येई ती त्याला. दोघांपैकी कुणाचंच नाक बिघडलेलं नव्हतं. हा वाद दोघांपैकी कुणी हुशारीनं जिंकू शकेल असा नव्हता, कारण प्रत्येकाचा पुरावा ज्याच्या त्याच्या नाकात होता.

*

इथे रास्त आक्षेप येईल. ‘पर्फ्यूम’ ही दंतकथेच्या वळणाची कादंबरी आहे. तिच्या नायकाला अंगाचा वास नाही, तो मैलभरावरून एका मुलीचा माग काढतो. अशा कथेला जनुकशास्त्राचे मापदंड लावणं म्हणजे पंचतंत्रातल्या कोल्ह्याला व्याकरण विचारण्यासारखं आहे. आक्षेप मान्य. कथेला अशक्य गोष्ट सांगायचा हक्क आहे. पण कथेनं स्वतःच घालून दिलेले नियम ती पाळते का, हे विचारायचा हक्क समीक्षेला आहे. आणि झ्युसकिंडनं पहिल्या पानांत जो नियम घालून दिला तो फार शहाणपणाचा आहे.

कादंबरीची सुरुवात पॅरिसच्या दुर्गंधीनं होते आणि ती सुरुवात प्रसिद्धच आहे. तिथे लेखक विशेषणं जवळजवळ वापरत नाही. तो याद्या देतो. रस्ते, अंगणं, जिने, स्वयंपाकघरं, निजायच्या खोल्या, माणसांची तोंडं आणि कपडे. प्रत्येक जागेपुढे तिच्या वासाचं मूळ ठेवलेलं. वास ‘कसा’ आहे हे तो सांगत नाही, ‘कशाचा’ आहे तेवढंच सांगतो. हे तंत्र का चालतं? कारण ‘कशाचा’ हे सांगितलं की बाकीचं वाचक भरतो, आणि तो ते स्वतःच्या नाकानं भरतो. कोबी सडल्यावर तुमच्या चारशे रिसेप्टरांपैकी कोणते वाजतात आणि माझ्यापैकी कोणते, हे वेगळं असेल. पण सडलेल्या कोबीशी तुमची गाठ पडलेली आहे आणि माझीही. नाम दोघांपर्यंत पोचतं. विशेषण वापरलं असतं तर लेखकाला आपलं नाक वाचकावर लादावं लागलं असतं.

म्हणजे झ्युसकिंडच्या गद्याला हे पक्कं ठाऊक आहे, की वास सामायिक नसतो. वासाचा उगम तेवढा सामायिक असतो. बाल्दिनीच्या दुकानातली पानंही याच पद्धतीनं लिहिलेली आहेत. डबे, बाटल्या, राळी, तेलं, मुळ्या अशा नामांची रांग लागते आणि वाचक नाक लावून त्या रांगेतून चालतो.

आता शेवटचं अत्तर बघा. ज्याच्यासाठी पंचवीस मुली मरतात त्या अत्तराचं वर्णन कादंबरीत नाही. ते कशाचं आहे हे ठाऊक आहे, पण त्या मुलींच्या वासाची कुठलीही ओळख वाचकाला नसते, आणि लेखक ती करून देत नाही. आपल्याला फक्त परिणाम कळतो: लोक भुलले. ज्या कादंबरीनं तीनशे पानं वाचकाचं नाक कामाला लावलं, ती ऐन कळसाला त्याच्या नाकावर हात ठेवते आणि म्हणते, विश्वास ठेव. हे केवळ सोय म्हणून झालेलं नाही. त्या अत्तराचं एका जरी नामानं वर्णन केलं असतं तरी प्रत्येक वाचकानं ते आपापल्या नाकानं घेतलं असतं, आणि त्यातल्या काहींना ते आवडलं नसतं. सर्वांना आवडणारा वास शब्दांत मांडता येत नाही. मांडला की तो सर्वांचा राहत नाही. कादंबरीची भाषा इथे गप्प बसते, कारण कथानकानं तिच्याकडे जे मागितलं ते तिला देता येण्याजोगं नव्हतं.

*

भाषेचा मुद्दा मराठी वाचकाला अधिक जवळून तपासता येतो. युरोपीय विचारपरंपरेत एक जुनी तक्रार आहे, की वासासाठी माणसाकडे शब्दच नाहीत. तक्रार मुख्यतः इंग्रजी, जर्मन, फ्रेंच बोलणाऱ्यांची आहे. मलाय द्वीपकल्पातल्या जहाई या शिकारी-संग्राहक समाजात वासाला खास वाहिलेले डझनभर शब्द आहेत. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखवलं, की जहाई माणसं रंगांची नावं जितक्या सहज आणि एकमतानं सांगतात तितक्याच सहज वासांचीही सांगतात; इंग्रजी बोलणारे मात्र वासांपाशी अडखळतात.

मराठी जहाईइतकी श्रीमंत आहे असा दावा करायची गरज नाही, पण ती इंग्रजीइतकी गरीबही नाही. ‘करपट’, ‘मातकट’, ‘आंबूस’ हे शब्द मूळ पदार्थाशी किंवा क्रियेशी बांधलेले आहेत. पण ‘कुबट’ बघा. पावसाळ्यात न वाळलेले कपडे, बंद राहिलेली खोली, जुनी वही, माळ्यावरची गादी या सगळ्यांतून तो एक गुण वेगळा काढतो. ‘खवट’ खोबऱ्याला लागतो, शेंगदाण्यांना लागतो, तेलाला लागतो. ‘हिंवस’ कच्च्या मासळीला, नीट न धुतलेल्या अंड्याच्या भांड्याला. ‘खमंग’ भाजलेल्या बेसनाला, फोडणीला, थालीपिठाला, आणि पुढे जाऊन चर्चेलाही. शिवाय पसरण्याच्या तऱ्हेनुसार दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, दर्प वेगळा, भपकारा वेगळा. ‘पर्फ्यूम’ मराठीत आणायची तर पहिल्याच परिच्छेदात अनुवादकाला मोह पडेल की या नामांच्या यादीत दोन-चार ‘कुबट’, ‘खवट’, ‘ओशट’ पेरावेत. ते ओघवतं वाचेल, आणि मूळ यादीची शिस्त मोडेल. कारण ‘कुबट’ या शब्दात निकाल आधीच लागलेला असतो. त्यात वास आहे आणि नापसंतीही आहे.

मग प्रश्न पडतो, की नाकं इतकी वेगळी असताना ‘खमंग’ हा शब्द टिकला कसा? तो टिकला, कारण शब्द हा नाकांमधला करार आहे. बेसन भाजलं जात असताना आईनं ‘खमंग वास सुटला’ म्हटलं, आणि त्या क्षणी माझ्या नाकात जे चाललं होतं त्याला ते नाव मिळालं. शेजारच्या मुलीच्या नाकात किंचित वेगळी नक्षी होती. तिलाही तेच नाव मिळालं. दोघांचा ‘खमंग’ एकच आहे की नाही हे कुणी कधी तपासत नाही, कारण दोघंही बेसन वेळेवर उतरवतात. करार कामापुरता पुरतो. तो कोथिंबिरीपाशी येऊन थोडा फाटतो. काहींना कोथिंबीर साबणासारखी लागते. टोरांटोतल्या तरुणांच्या एका पाहणीत दक्षिण आशियाई वंशाच्या साधारण ७ टक्के लोकांना ती आवडत नसल्याचं आढळलं, तर पूर्व आशियाई वंशाच्यांत हा आकडा २१ होता. हे नावडणं २०१२ साली ओआर६ए२ या रिसेप्टराजवळच्या एका बदलाशी जोडलं गेलं, आणि लगेच ‘कोथिंबिरीचं जनुक सापडलं’ अशा बातम्या झाल्या. त्याच अभ्यासात हेही होतं की या बदलाचा एकूण वाटा अगदी छोटा आहे. बातमीत ते वाक्य सहसा आलं नाही.

हे सांगायचं कारण असं, की जनुकांच्या नावानं नव्या तऱ्हेचं अंतिम सत्य उभं करणं हे झ्युसकिंडच्या जमावाइतकंच भाबडं आहे. अँड्रोस्टेनोनचा वास न येणाऱ्या काही माणसांना तो पुन्हापुन्हा हुंगायला दिला की येऊ लागतो, हे १९८९ सालीच दिसलं होतं. आयसोव्हॅलेरिक आणि ब्युटिरिक आम्लांचं एकच मिश्रण ‘चीज’ म्हणून दिलं तर लोकांना बरं वाटतं आणि ‘ओकारी’ म्हणून दिलं तर किळस येते. नाक जन्मानं मिळतं, सवयीनं घडतं आणि शब्दानं वळतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ वेगवेगळ्या समाजांतल्या दोनशेहून अधिक लोकांना दहा वास आवडीच्या क्रमानं लावायला सांगितले होते. त्या क्रमातल्या फरकांपैकी ४१ टक्के रेणूवर अवलंबून होता, ६ टक्के संस्कृतीवर, आणि ५४ टक्के ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत आवडीवर. सर्वांत प्रिय ठरला व्हॅनिलिन. म्हणजे सगळंच सापेक्ष आहे असं नाही. बहुतेकांना गोड लागणारे वास आहेत. पण सर्वांत मोठा वाटा आहे तो माणसामाणसांतल्या फरकाचा. ग्रासच्या मैदानात नेमका तोच नाही.

*

या एक-नाकी जगात बसत नाहीत अशी माणसं झ्युसकिंडनं कुठे ठेवली आहेत? एक पात्र आहे, मादाम गायार. अनाथ मुलं पैसे घेऊन सांभाळणारी ही बाई. लहानपणी बापानं लोखंडी सळई कपाळावर मारली, तेव्हापासून तिला वास येत नाही. आणि कादंबरी ताबडतोब सांगून टाकते, की वासाबरोबर तिची माया, तिरस्कार, आनंद, दुःख सगळं गेलं. ती आतून मेलेली आहे. ग्रनुई तिच्याकडे तगतो तो यामुळेच, की त्याला वास नाही हे तिला कळत नाही.

कथेच्या सोयीसाठी हे चोख आहे. पण याची किंमत आहे. वास न येणं म्हणजे माणूसपण नसणं, हे समीकरण इथे शेरा म्हणून येत नाही, निसर्गनियम म्हणून येतं. कोविडनंतर ते वाचताना अंगावर येतं. त्या काळात जगभर असंख्य माणसांचा वास गेला, काहींचा महिनोन्महिने परत आला नाही, काहींचा परतला तो विकृत होऊन. काही माणसं तर जन्मतःच वासाविना असतात. कालमन सिंड्रोममध्ये काही जनुकांतल्या बिघाडामुळे वास आणि वयात येणं दोन्ही अडतं. वेदनाच न जाणवणाऱ्या काही मोजक्या लोकांत एससीएन९ए हे जनुक निकामी असतं, आणि त्यांना वासही येत नाही, असं २०११ साली स्पष्ट झालं. या माणसांनी काय गमावलं ते थोडं नाही. गॅस गळतोय का, दूध नासलंय का, आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का, या रोजच्या काळज्या असतात. जेवणाची निम्मी गंमत जाते, मिरचीची झोंब तेवढी उरते, कारण ती वेगळ्या चेतातंतूवाटे जाते. पण माया जात नाही. मादाम गायारची शोकांतिका तिला वास येत नाही ही नसून बापानं तिला सळई मारली ही असू शकते, ही शक्यता कादंबरी उघडून ठेवते आणि वापरत नाही.

असं का व्हावं? मला वाटतं, झ्युसकिंडनं एकोणिसाव्या शतकाची एक मांडणी उलटी केली, पण मोडली नाही. पॉल ब्रोका या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं मेंदूच्या रचनेवरून माणसाला कमी हुंगणाऱ्या प्राण्यांच्या गटात टाकलं होतं. वास जनावरांचा, विवेक माणसाचा, अशी ती वाटणी. माणसाचं नाक निकामी आहे ही समजूत तिथून रुजली; जॉन मॅकगॅन यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये ती खोडून काढली. झ्युसकिंड वासाला सिंहासनावर बसवतो, पण वास हा विवेकाच्या आधीचा, अनावर, श्वासाबरोबर थेट आत शिरणारा आणि नाकारता न येणारा, हे तो ब्रोकाकडूनच घेतो. ग्रनुईला तो गोचिडाची उपमा देतो. ज्याला वास येतो तो त्याचा गुलाम, आणि ज्याला येत नाही तो मढं. मधे विचार करणारं नाक कुठेच नाही.

*

‘पर्फ्यूम’चं एक सर्वमान्य वाचन राजकीय आहे. एक क्षुद्र, आतून रिकामा माणूस हजारोंना भुलवतो. युद्धोत्तर जर्मन लेखकाच्या हातून आलेली ही गोष्ट कशाबद्दल आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. या वाचनात एक-नाकी जमाव हा दोष राहत नाही, तेच कादंबरीचं दुःस्वप्न ठरतं. सगळे एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं भुलले हीच तर भीती.

पण इथेच तडा सर्वांत खोल जातो. वासाच्या जोरावर भुललेला जमाव निर्दोष असतो. श्वास कुणाला थांबवता येतो? रसायनानं झडप घातली, शुद्धीवर आल्यावर शरम वाटली, झालं. कादंबरीत दुसऱ्या दिवशी गाव तेच करतं. झाल्या प्रकाराबद्दल कुणी बोलत नाही, दुसऱ्याच एकाला खुनी ठरवून फासावर चढवलं जातं आणि व्यवहार सुरू होतात. झ्युसकिंडची ही पानं विखारी आहेत आणि उत्तम आहेत. मात्र त्यांतल्या उपहासाची धार कथानकच बोथट करतं. ज्यांना पर्यायच नव्हता त्यांच्या विसराळूपणाला कितीसा दोष द्यायचा?

आता दहा हजारांत दहा हजार वेगळी नाकं आहेत असं धरा. शे-दोनशेंना काहीच आलं नाही. काहींना गोड वास आला, काहींना घामट. तरीही मैदानात तेच घडलं, कारण शेजारचा गुडघ्यावर बसला म्हणून हा बसला, पुढचीनं हात पसरले म्हणून मागचीनं पसरले. ज्याला काही आलं नव्हतं त्यानंही घरी जाऊन ‘काय तो सुगंध!’ म्हटलं, कारण न येणं कबूल करायची त्याला लाज वाटली. ही कथा अधिक भयंकर आहे आणि माणसांच्या खऱ्या जमावांशी अधिक जुळते. माणसं भुलतात ती नाकं सारखी असल्यामुळे नव्हे. वेगळी असूनही भुलतात. यातल्या एखादीला वास आला नाही एवढ्यानं ती शहाणी ठरणार नाही. जनुकं कुणाला बंडखोर करत नाहीत. पण तिला एक प्रश्न विचारता येईल: तुला तर काहीच येत नव्हतं, मग तू का वाकलीस? झ्युसकिंडच्या जमावाला हा प्रश्न विचारताच येत नाही.

*

या वाचनाचा उपयोग एका कादंबरीपुरता नाही. ‘तिथे घाण वास येत होता’ हे वाक्य साहित्यात आणि बाहेरही पुराव्यासारखं वापरलं जातं. १९८२ साली आलेल्या आलँ कोर्बँ यांच्या इतिहासग्रंथानं दाखवलं होतं, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये वासाची सहनशीलता बदलत गेली. जे पूर्वी खपत होतं ते वरच्या वर्गांना असह्य वाटू लागलं, आणि पुढे दुर्गंधी गरिबाच्या अंगाला चिकटवली गेली. ‘पर्फ्यूम’चा निवेदक मात्र पॅरिसमध्ये आपल्या काळाचं नाक घेऊन शिरतो. त्या वस्तीत जन्मलेल्यांना, ज्यांची नाकं त्या वासाला सरावलेली होती, त्यांना काय येत असेल हे तो विचारत नाही. बाँग जून-होच्या ‘पॅरासाइट’मध्ये (२०१९) हाच प्रश्न ऐरणीवर येतो: श्रीमंत घरातल्यांना ड्रायव्हरच्या अंगाला येणारा वास हा त्याच्या तळघरातल्या घराचा वास आहे, आणि नाक मुरडण्याच्या एका हालचालीतून सिनेमातला खून उभा राहतो.

आपल्याकडे यासाठी सिनेमापर्यंत जायला नको. मासे-मटण खाणाऱ्याला घर नाकारताना मुंबई-पुण्यात जे कारण पुढे केलं जातं ते धर्माचं किंवा जातीचं नसतं, ‘वासाचं’ असतं. ‘सगळ्यांनाच त्रास होतो हो’ हे त्यातलं ठरलेलं वाक्य. त्या वाक्यातला ‘सगळ्यांनाच’ हा शब्द ग्रासच्या मैदानातून आलेला आहे. आइसलँडमधल्या लोकांच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीएएआर५ या जनुकाचा एक प्रकार सापडला. तो ज्यांच्याकडे असतो त्यांना माशाच्या वासातली घाण जाणवत नाही. काहींनी तर तो वास बटाट्यांचा किंवा गुलाबाचा म्हणून सांगितला. अर्थात सोसायटीच्या सभेत हा शोधनिबंध वाचून कुणी विरघळणार नाही, आणि तिथला प्रश्न जनुकांचा नाहीही. पण ‘माझ्या नाकाला हा वास नकोसा होतो’ आणि ‘हा वास वाईट आहे’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिल्यावर बोलणी होऊ शकतात, खिडकी कुठली उघडायची ते ठरू शकतं. दुसरं वाक्य बोलणी संपवतं.

झ्युसकिंडच्या पहिल्या पानांची शिस्त म्हणूनच मोलाची वाटते. नामं द्या, मूळ सांगा, आणि निकाल वाचकाच्या नाकावर सोडा. पुढे कथानकानं ती मोडली, तरी त्या पानांमुळेच ‘पर्फ्यूम’ अजून वाचावीशी वाटते. कादंबरीच्या शेवटी ग्रनुई उरलेलं अत्तर अंगावर ओततो आणि पॅरिसमधले भुरटे, वेश्या, भणंग त्याला प्रेमानं फाडून खातात. वाचकाला तिथेही काहीच वास येत नाही.